माघ ते पाडवा: सोलापूरच्या शिवारात गटानं चालायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात होम मैदानावर रोज सकाळी फिरणारी पंधरा-वीस माणसं, वयं पस्तीसपासून सत्तरीपर्यंत. फेब्रुवारी ते एप्रिल दर रविवारी शहराबाहेर रानातून पायी जायचं त्यांनी ठरवलंय. कुठं जावं, किती चालावं, सोबत काय घ्यावं, आणि नातवंडांना आणावं का, असं विचारलंय.

मी १९ वर्षं असा एक गट चालवतेय. आधी शाळेला सुट्टी असेल तेव्हा, निवृत्त झाल्यापासून दर रविवारी. नवीन माणूस पहिला प्रश्न "कुठं?" हाच विचारतो. मी उलटा विचारते, "परत किती वाजता यायचं?" सोलापुरात हे आधी ठरतं, मग बाकीचं.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो. आपल्याकडं वैशाखात बाहेर पडणं म्हणजे भट्टीत डोकं घालणं. पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. आमचा वसंत हुरडा संपला की सुरू होतो आणि पाडव्याला त्याची निरवानिरव होते. फार ओढलं तर हनुमान जयंतीपर्यंत. म्हणजे हातात आठ-नऊ रविवार. त्यातले दोन लग्नांत जातात, एक रंगपंचमीत. उरलेले नीट वापरायचे.

आता घड्याळ. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सोलापुरात सूर्य सातला तीन-चार मिनिटं कमी असताना उगवतो, २१ मार्चच्या आसपास साडेसहाला, एप्रिलच्या मध्यावर सहा-दहाला. उगवायच्या वीस मिनिटं आधी पायाखालचं दिसायला लागतं, तेव्हा चालायला सुरुवात झालेली पाहिजे. घरातून निघायला नव्हे, चालायला. परत गाडीपाशी यायची वेळ फेब्रुवारीत दहा, मार्चच्या पंधरवड्यापर्यंत साडेनऊ, पाडव्याच्या सुमारास नऊ, एप्रिलमध्ये साडेआठ. ही वेळ कुणाच्याही फोटोसाठी, कुणाच्याही "अजून थोडंच राहिलंय" साठी हलवायची नाही.

या वेळेवरून अंतर काढा. होम मैदानावर तुम्ही किलोमीटरला दहा-अकरा मिनिटं घेत असाल. रानात तोच किलोमीटर पंधरा ते अठरा मिनिटांचा होतो, आणि नाष्ट्याचा अर्धा तास वेगळा. म्हणून फेब्रुवारीत १० किलोमीटर, मार्चअखेर ८, एप्रिलमध्ये ६ च्या आत. निम्मा वेळ संपला की जिथं असाल तिथून वळायचं. देऊळ समोर दिसत असलं तरी वळायचं. देव कुठं जात नाही.

वाटेची दिशासुद्धा बघा, हे फारसं कुणी सांगत नाही. जाताना तोंड पूर्वेला असेल अशी वाट धरा. तेव्हा ऊन कोवळं असतं, डोळ्यावर आलं तरी सोसतं. परतताना तेच ऊन पाठीवर येतं. उलट केलंत तर साडेआठचं ऊन सरळ तोंडावर घेत, डोळे बारीक करून, पायाखालचं न बघता चालाल. माणसं दमतात ती बहुतेक याच तासात, आणि पडतातसुद्धा याच तासात.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही. आठेक वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या रविवारी मी तेवीस जणांना पश्चिमेच्या वाटेनं नेलं. हवा छान होती, गप्पा रंगल्या, कुणीतरी म्हणालं की पुढच्या वस्तीवर ओळखीचे आहेत, ताक मिळेल. ताक मिळालं. परतायला निघालो तेव्हा पावणेदहा झाले होते. अकराच्या सुमाराला आमच्यातले एक काका, साठीचे, तसे तब्येतीनं खणखणीत, बोलता बोलता भलतंच काहीतरी बोलायला लागले. शब्द बरोबर होते, अर्थ जुळत नव्हता. मला वाटलं चेष्टा करतायत. मग पाहिलं तर शर्ट कोरडा. इतका वेळ घामानं भिजलेला शर्ट कोरडा. कडुलिंबाच्या सावलीत निजवलं, दोन ओढण्या भिजवून मानेवर, काखेत, जांघेत ठेवल्या, चौघींनी पदरानं वारा घातला, १०८ ला फोन केला. ते वाचले आणि पुढच्या वर्षी परत आले. पण त्या दिवशी ताकाला हो म्हणणारी मीच होते. तेव्हापासून वेळ माझ्या हातातल्या घड्याळावर असते आणि त्यावर मतदान होत नाही. तुम्हीही भलती बडबड आणि घाम सुकणं ही दोन लक्षणं सगळ्यांना पाठ करायला लावा. अशा माणसाला पाणी पाजायची घाई करू नका, शुद्ध नीट नसेल तर ठसका लागतो. आधी अंग गार करा.

आता पायाखालचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बूट कुठले घेऊ हे सगळे विचारतात आणि जमीन कुठली आहे हे कुणी विचारत नाही.

सोलापूरच्या भोवती दोन प्रकारची जमीन आहे, भारी काळी आणि मुरमाड माळ. माळावर चालणं सोपं. पायाखाली टणक, वाट मोकळी, फक्त कुसळं. काळी वेगळी. फेब्रुवारीपासून ती तडकायला लागते. मार्चमध्ये भेगा इतक्या रुंद होतात की पोरांचं पाऊल आत जाईल. वरून भुसभुशीत माती पसरलेली असते, भेग दिसत नाही, आणि घोटा मुरगळतो. काळ्या रानात बांधावरून चाला, वावरातून नको.

ज्वारी काढलेलं वावर सपाट दिसतं म्हणून मोह होतो. आपल्याकडं शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, बहुतेक ठिकाणी उपटून काढतात, कापत नाहीत. त्यामुळं खुंट उरत नाही, पण प्रत्येक ताटाबरोबर मातीचं ढेकूळ वर आलेलं असतं. अशा वावरात एक किलोमीटर चाललात तर पोटऱ्या दुसऱ्या दिवशी सांगतात. तुरीचं उलटं. तूर विळ्यानं तिरकी कापतात आणि जमिनीवर चार-सहा बोटं धसकट राहतं, वाळलं की खिळ्यासारखं. मऊ तळव्याचे, जाळीचे, महागातले चालायचे बूट घालून आलेल्या एका बाईंच्या बुटातून ते सरळ आत गेलं होतं. जाड तळव्याचा साधा कॅनव्हासचा बूट त्यापेक्षा बरा. करडईच्या जवळ तर जाऊच नका. फुलात असते तेव्हा केशरी-पिवळी सुंदर दिसते, फेब्रुवारीअखेर वाळली की अंगभर काटे. ज्वारीच्या कडेनं करडईचे तास, म्हणजे ओळी, लावतात ते जनावर आत शिरू नये म्हणून. माणसाचंही तेच होतं.

कुसळांसाठी साधा उपाय आहे. सुती मोजे घालू नका, त्यात कुसळ रुततं आणि धुतल्यावरही निघत नाही, आठवडाभर टोचत राहतं. गुळगुळीत नायलॉनचे मोजे आणि त्यावर विजार सोडलेली. वेड्या बाभळीचा काटा मात्र कुठलाही तळवा ओलांडतो. गटात एक बारका चिमटा आणि एक सुई असू द्या.

चालायचा क्रम: पुढं वाट माहीत असणारी, तिच्या लगेच मागं गटातला सगळ्यात हळू चालणारा माणूस, सगळ्यात शेवटी एक ताकदीचा, ज्याच्या मागं कुणीही राहायचं नाही. हळू चालणाऱ्याला मागं ठेवलं की तो पोचेपर्यंत बाकीचे बसून उठलेले असतात आणि त्याला विसावाच मिळत नाही. दर थांब्यावर मोजणी. एवढं पुरे.

मोजणीवरून आठवलं. एकदा मोहोळच्या बाजूला एका बांधावरून आम्ही ओळीनं चाललो होतो. डोक्यावर टोप्या, हातात काठ्या, दोघा-तिघांच्या हातात मोबाईल, एक जण जीपीएसवर वाट नोंदवत होता. खुरपं हातात घेऊन एक आजी वावरातून तरातरा आल्या. "मोजणीला आलाव का ओ? कुणी सांगितलं तुमाला?" म्हणाल्या. आम्ही फिरायला आलोय म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. बिनकामाचं, पायी, रविवारी सकाळी, उन्हात? कुणासाठी? मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले, किती एकर, किती पोतं झालं, सून कुठली, असं बोलणं झालं. मग त्यांनी सांगितलं की दोन भावांच्यात त्या बांधावरून कोर्टात चाललंय, आणि कधी कुणी टेप घेऊन येईल याची झोपेत धास्ती असते. वरून रस्त्याच्या जमिनी मोजायला माणसं येतात, प्लॉटवाले येतात. त्यांच्या लेखी आपण त्यातलेच.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते. पहिली, ज्या गावच्या शिवारात जायचं तिथं आधीच्या आठवड्यात दोघीजणी जाऊन येतो. चहाच्या टपरीवर बसून सांगतो की पुढच्या रविवारी वीस माणसं इथून जाणार आहेत, पिकातून जाणार नाहीत. पोलीस पाटलांच्या कानावर घालतो. दुसरी, वावरात माणूस दिसलं की आपण आधी "राम राम" म्हणायचं, थांबायचं, कुठून आलो कुठं चाललो ते न विचारता सांगायचं. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडं गेलात तर कन्नड येणारं एक माणूस सोबत ठेवा, चेहरे लगेच सैल पडतात. तिसरी, हरभऱ्याचा डहाळा उपटायचा नाही, बोर झाडायची नाही, चिंच पाडायची नाही. वीस माणसांनी एकेक डहाळा घेतला की एक सरी गेली. विचारलंत तर शेतकरी स्वतः ओंजळभर देतो, आणि न विचारता घेतलंत तर पुढच्या वेळी ती वाट बंद.

वाट कुठली आपली आणि कुठली कुणाच्या मालकीची, हे गाव नकाशावरून कळतं. भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो. त्यात तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात त्यातल्या कितीतरी वाटा नांगरात गेलेल्या असतात आणि एकवीस फुटांची जागा बैलालाही अंग चोरून जावं लागेल इतकी उरलेली असते. नकाशा हातात घेऊन तिथं भांडू नका. आपण रविवारचे पाहुणे, ते भांडण ज्यांचं आहे त्यांचं त्यांना पुरेसं आहे. पण दोन गावांच्या हद्दीवरचे शिवरस्ते अजून बऱ्याच ठिकाणी चालते आहेत. दोन्ही बाजूंना बाभळी, लिंब, मधे चाकोरी. गटाला चालायला यासारखी वाट नाही.

जागांबद्दल.

पहिले दोन रविवार लांब जाऊ नका. विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार, कंबर तलावाची बाजू, इथं गटाची घडी बसवा. कोण किती चालतं, कुणाच्या गुडघ्यातून आवाज येतो, कोण फोटोसाठी मागं राहतं, सगळं कळतं.

मग हिप्परगा. आदिला नदीवरचा एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळात १८७१ मध्ये पूर्ण झालेला. तुळजापूर रस्त्यानं जाताना खिडकीतून दिसतो म्हणून सगळ्यांना वाटतं पाहिलाय. पायी गेल्यावर कळतं की फेब्रुवारीत पाणी मागं सरलेलं असतं आणि काठाचा चिखल थंडीत आलेल्या पाहुण्या पक्ष्यांनी भरलेला असतो. यातले बरेच मार्चअखेर निघून जातात, त्यामुळं हिप्परगा आधी उरका. भोरड्यांचंही, म्हणजे गुलाबी मैनांचंही, तेच. शाळू उभा असतो तोवर त्यांचे थवेच्या थवे असतात, शेतकरी गोफण घेऊन मागं, एप्रिल सरता सरता एकही दिसत नाही.

नान्नजबद्दल सावकाश सांगते. बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटर. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात इथल्या माळावर माळढोक पक्षी असल्याकडं लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आता माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, निराश व्हाल. माळ बघायला जा. मार्चमध्ये गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, सकाळच्या तिरप्या उन्हात काळवीट उभं राहिलं की पाठीवरचा काळा आणि पोटाखालचा पांढरा रंग कापून लावल्यासारखा दिसतो. वर चंडोल गात असतो, सतत, श्वास न घेता. लांडगा दिसला तर नशीब, पण मऊ धुळीत त्याचा माग पुष्कळदा मिळतो. अभयारण्यात मात्र वनखात्याची परवानगी काढून, ठरलेल्या वाटेनं, लहान गटानं जायचं. वीस माणसांनी माळावर पसरून चालणं हा तिथं गुन्हाच समजा.

कारण जमिनीवर अंडी असतात. माळटिटवी मार्चपासून उघड्या मुरमावर अंडी घालते. घरटं नाही, काडी नाही, फक्त एक उथळ खळगा आणि त्यात मातीच्या रंगाची, ठिपक्यांची चार अंडी, टोकं आत वळवलेली. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा माझा उजवा पाय त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याआधी दोन मिनिटं ती पाखरं माझ्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती आणि मी "बघा किती जवळून उडतायत" म्हणून सगळ्यांना दाखवत होते. टिटवी असं ओरडायला लागली की जागच्या जागी थांबा, पायाजवळ बघा, आणि ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागं जा. अंड्यांभोवती फोटोसाठी घोळका करायचा नाही. आई-बाप उन्हात अंड्यांवर सावली धरून उभे असतात, ते दूर राहिले तर अंडी भाजतात.

त्याच भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसतील, पान एक नाही, नुसती फुलं. सगळे तिथं फोटो काढतात. ती गिरिपुष्पाची लागवड आहे, बाहेरचं झाड. गवताच्या माळावर झाडं लावून माळ सुधारतो या समजुतीतून लावलेली. मला ती फुलं बघून दरवर्षी आनंद होतो आणि दरवर्षी त्या आनंदाचा राग येतो.

पळसाचं सगळे विचारतात. सोलापूरच्या सपाटीवर पळस तुरळक. तो बघायचा तर तुळजापूरच्या घाटाकडं, बालाघाटाच्या उतरणीला, फेब्रुवारीअखेर. आपल्या शिवाराचा वसंत लिंबाचा आणि करंजाचा. करंज मार्चमध्ये पान टाकतो आणि आठवड्यात असा पोपटी होतो की तेल लावल्यासारखा चमकतो. लिंब आधी तांबूस पालवी धरतो, मग पाडव्याच्या आगेमागे मोहोर. पहाटे वारा पडलेला असताना मोहोरलेल्या लिंबाखालून गेलात तर गोडसर वास येतो, ऊन चढलं की जातो. विलायती चिंचेचे गुलाबी आकडेही याच दिवसांत फुटायला लागतात.

नदीकडं जायचं तर दोन वाटा. एक माचणूर, मंगळवेढा रस्त्यावर. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ, पात्रात जटाशंकराचं, आणि शेजारी औरंगजेबाच्या काळातला किल्ला. १६९५ ते १६९९ त्याची छावणी इथंच ब्रह्मपुरीला होती. तिथून मंगळवेढ्याच्या बाजूला काळ्या रानात गाडीवाटांनी चालता येतं. फेब्रुवारीत गेलात तर ज्वारी काढायची धांदल असते. बुचाडं रचलेली, कणसं खुडायला बायकांची ओळ बसलेली, मागं कडब्याच्या पेंढ्या. मालदांडीचा शाळू कसा दिसतो ते दुकानात पोत्यात बघण्यापेक्षा तिथं बघा. फक्त पात्र ओलांडायचं नाही. उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात, आणि काल गुडघाभर असलेली नदी आज काठोकाठ असते. पाणी कधी सुटलंय हे गावात विचारूनच काठानं चाला.

दुसरी हत्तरसंग-कुडल, शहरापासून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेवटी मराठीत लिहिलंय, "वाछि तो विजेया होईवा", वाचील तो विजयी होईल. आमच्या गटातला एक सातवीतला मुलगा मान वर करून दहा मिनिटं ती अक्षरं लावत बसला होता, आणि मग म्हणाला, "मॅडम, मी जिंकलो." जवळच हरिहरेश्वराचं देऊळ, मातीखालून उकरून काढलेलं, त्यातलं बहुमुखी शिवलिंग बघायला लोक लांबून येतात. देवळं बघून मग चालायला निघालात तर ऊन डोक्यावर येतं. आधी काठानं चाला, नऊ वाजता देवळाच्या गारव्यात या, तिथं नाष्टा.

जायचं कसं? शहराजवळ असेल तर आपापल्या गाड्या. लांब असेल तर एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा. वडापच्या जीपवर विसंबू नका, भल्या पहाटे ते भरल्याशिवाय निघत नाही.

खाणंपिणं. माणशी दीड लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर, दुसऱ्याच्या भरवशावर नाही. गटात मीठ-साखरेची पुडी. नाष्ट्याला कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. ही तर आपल्याकडची प्रवासासाठीच जन्मलेली गोष्ट, सांडत नाही, विटत नाही. फक्त चटणीनं तहान वाढते, तेव्हा हात आवरा. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी उपाशी चालू नये, खिशात गूळ किंवा खडीसाखर. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी ज्यांना आहे त्यांनी उन्हातल्या चालण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारून यावं. हे मी प्रत्येकाला खासगीत विचारते, गटासमोर कुणी सांगत नाही.

बायकांच्या सोयीबद्दल प्रश्नात काही नाही, बहुधा पुरुषानं लिहिलाय. माळरानावर आडोसा नसतो. बायका मग पाणीच पीत नाहीत आणि चक्कर येऊन पडतात. आम्ही पाहणीला जातो तेव्हाच एखादी वस्ती, शाळा, देवळामागचा आडोसा हेरून ठेवतो, निघतानाच सांगतो की तासाभरात अमुक ठिकाणी सोय आहे. एवढं कळलं तरी बायका पाणी पितात.

धोक्यांपैकी कुत्री रोजची. मेंढरांची राखण करणारी कुत्री अंगावर येतात, ती त्यांची नोकरीच आहे. पळू नका, कळप टाळून लांबून वळसा घाला, आणि धनगर दिसेल त्या दिशेला हाक मारा, "ओ मामा, कुत्रं धरा!" जुन्या पुलाखाली, वडा-पिंपळावर, देवळाच्या शिखराला आग्या मोहोळ आहे का ते मान वर करून बघायचं, खाली धूर नाही, दगड नाही, अत्तर लावून यायचं नाही. साप मार्चपासून पहाटे-संध्याकाळी बाहेर असतात. अंधारात टॉर्च, बांधावरच्या दगडात हात घालायचा नाही. चावलाच तर बांधाबांध, चिराफाड काही न करता माणसाला न चालवता गाडीत घालून सरळ सिव्हिलला.

आता नातवंडं. आणा, आठ वर्षांच्या पुढची. त्यांना बोलवायचं ते फेब्रुवारीत, मार्चअखेर नको. मुलं ऊन सांगत नाहीत, थेट वांती करतात. प्रत्येक मुलामागं एक मोठं माणूस, आणि ते माणूस मोबाईलवर फोटो काढणारं नसावं. मुलांना काम द्या. आमच्याकडं मुलं थांब्यावरची मोजणी करतात. एकदा तेवीसच्या जागी चोवीस भरले. आम्ही सगळे तोंडं बघायला लागलो. एका वस्तीवरची चुणचुणीत पोरगी शेळ्या सोडून मघापासून ओळीत चालत होती. तिला सोडायला अर्धा किलोमीटर मागं जावं लागलं, आणि त्या दिवशी परतायला नवाचे सव्वानऊ झाले.